सड्यावरच्या सुनावणीचे इतिवृत्त

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात जनसुनावणी कशी घ्यावी हे सांगितलेले आहे. तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी, ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात छापावी, वृत्तपत्र पोहोचत नसेल तेथे दवंडी पिटावी, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असावा, सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण व्हावे, या तरतुदी सुनावणीच्या कामाला लावलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असतात, कारण त्यांतली एक जरी चुकली तरी पुढे सगळी सुनावणी वादात सापडण्याची भीती असते. त्याच परिशिष्टात अशीही तरतूद आहे की, लोकांनी मांडलेली सर्व मते आणि शंका यथातथ्य नोंदवणारे इतिवृत्त कामकाजाच्या शेवटी उपस्थितांना वाचून दाखवावे, त्याचा आशय त्यांच्या भाषेत समजावून सांगावा आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करावी. ही पाळी येते तोवर सगळे थकलेले असतात, बंदोबस्ताच्या पोलिसांना परतायचे असते, मंडपवाला घाईला आलेला असतो, आणि म्हणून ती पाच-दहा मिनिटांत उरकली जाण्याचा धोका नेहमीच असतो. मी दक्षिण कोकणात नायब तहसीलदार असताना एका सुनावणीत ती संपूर्ण पाळली गेली. लोकांनी लोकशाहीत भाग घेणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या संध्याकाळी जितके स्पष्ट दिसले तितके त्याआधीच्या किंवा नंतरच्या कोणत्याही सभेत दिसलेले नाही.

प्रस्ताव बॉक्साइटच्या खाणीचा होता. कोकणात डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे जे सपाट पठार असते त्याला सडा म्हणतात, आणि काही ठिकाणी त्या जांभ्याबरोबरच बॉक्साइट सापडते. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा वाहून समुद्राला मिळतो, पण जो सड्यात मुरतो तो खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत जाऊन अडतो आणि मग डोंगराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. त्या झऱ्यांवर खालच्या वाड्यांचे पाणवठे चालतात, आणि पाणी पुरेसे असेल तेथे भाताचे दुसरे पीकही, ज्याला वायंगण म्हणतात. एवढ्या पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतात, असे घाटावरून बदलून आलेले अधिकारी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर याच दगडात आहे. जांभा पाणी लवकर घेतो आणि लवकर सोडतो, आणि वैशाखापर्यंत कोणता झरा टिकतो हे त्याच्यावर किती जाडीचा आणि किती विस्ताराचा सडा आहे यावर बरेचसे अवलंबून असते. खाण नेमकी याच सड्यावर, चार वाड्यांच्या डोक्यावर व्हायची होती.

सुनावणी बोलावण्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असते. महसूल खात्याकडे अध्यक्षपद आणि बाकीची व्यवस्था येते. इतिवृत्ताचा मराठी मसुदा लिहिण्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्यांना मदत म्हणून माझी नेमणूक झाली होती. त्यामुळे सूचना निघाल्यापासूनचा महिनाभर मी त्या प्रकरणात होते. प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवलेला होता, पण तो ठेवला आहे हे वाड्यावाड्यांत कळायला वेळ लागतो. त्यातून कोकणातल्या जमिनीचा एक वेगळाच पेच असतो. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काहींचे वारस लागलेले नाहीत. गावातल्या माणसाला सारांश वाचून शंका आली तर तो आधी मुंबईच्या भावाला कळवतो, तो आपल्या गावमंडळाच्या बैठकीत विषय काढतो, मंडळ कोणा जाणकाराला कागद दाखवते, आणि मग निवेदन तयार होते. हे सगळे होईपर्यंत तीस दिवस संपत आलेले असतात. पुढे २०२० साली नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात ही मुदत वीस दिवसांवर आणण्याचे सुचवले गेले, तेव्हा तो मसुदा लिहिणाऱ्याने असा एखादा सातबारा हातात धरून पाहायला हवा होता असे मला मनापासून वाटले.

सारांश मीही नीट वाचला होता. त्यात पाण्याची मोजमापे होती आणि ती डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांतली होती. यात नियमाचा भंग नव्हता, कारण पावसाळा सोडून कोणत्याही एका हंगामातली मोजमापे घेण्याची पद्धतच आहे. परंतु कोकणात डिसेंबरात झरे भरून वाहत असतात. मी कर्मचारी या नात्याने तेथे होते आणि माझे मत मांडण्याची ती जागा नव्हती, म्हणून मी गप्प होते, पण ही गोष्ट गावातून कोणीतरी बोलेल का याची मला उत्सुकता होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. सकाळी दहापासून लोक येऊ लागले. चार वाड्यांची माणसे आपापल्या वाडीच्या गटाने बसली, मुंबईकर मंडळी रात्रीच्या गाडीने येऊन थेट मंडपात आली होती, आणि स्त्रिया नेहमीप्रमाणे एका बाजूला, मागच्या अंगाला बसल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या अपर जिल्हाधिकाऱ्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ध्वनिक्षेपक व्यासपीठासमोरून काढून मंडपाच्या मध्यावर नेला. दुसरी गोष्ट अशी की, बोलणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा त्यांनी पदाधिकाऱ्यांची नावे आधी न घेता वाडीवार क्रम लावला. यावर थोडी कुरबूर झाली. पण पंचायत समितीच्या सभेत वीस वर्षे भाषण करणारा माणूस आधी बोलला की नंतरची सगळी माणसे त्याच्याच शब्दांत बोलू लागतात, हे त्यांना अनुभवाने माहीत असावे.

आधी कंपनीच्या वतीने सल्लागाराने पडद्यावर चित्रे दाखवून प्रकल्प समजावला. मग भाषणे झाली, आणि ती दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालली. त्यांतली बरीचशी तशीच होती जशी अशा ठिकाणी असतात: भावनेने भरलेली, व्यासपीठाकडे तोंड करून केलेली, टाळ्या घेणारी. मी त्यांना कमी लेखत नाही. आपल्या डोक्यावरचा डोंगर कोणी खणणार आहे असे कळल्यावर माणसाने मोजूनमापून बोलावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरीही काही बोलणी वेगळी होती. एका आंबा-काजू बागायतदाराने सांगितले की, डंपरची धूळ पौषात आणि माघात मोहोरावर बसेल तर फळधारणेचे काय होईल याबद्दल अहवालात एक ओळही नाही. एका निवृत्त शिक्षकाने मोजमापांच्या महिन्यांवर बोट ठेवले आणि मला हायसे वाटले. एका तरुणाने, ज्याने कर्ज काढून डंपर घेतलेला होता, विचारले की कामे किती जणांना मिळतील, किती वर्षे मिळतील, आणि खनिज संपल्यावर ती माणसे काय करतील.

सर्वांत मोलाचे बोलणे वरच्या वाडीतल्या एका वृद्ध बाईंचे होते. त्या उठायला तयार नव्हत्या. सुनेने ध्वनिक्षेपक त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्या बसूनच बोलल्या, आणि अध्यक्षांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या, बहुधा मी लिहीत होते म्हणून. "बाय, माघात कळशी लावली की लगेच भरते," त्या म्हणाल्या. "वैशाखात कळशी लावायची, घरी जायचं, भाकऱ्या टाकायच्या, आणि मग जाऊन कळशी उचलायची. ह्याच्यातलं आणखी किती कमी करणार ते विचारा त्यांना." मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवले. झऱ्याचा प्रवाह मोजण्याची ती पूर्णपणे शास्त्रीय पद्धत होती: भांड्याचे माप ठरलेले, भरायला लागणारा वेळ मोजलेला, आणि वर्षातल्या दोन टोकांच्या नोंदी. अहवालात नेमके दुसऱ्या टोकाचे माप नव्हते, आणि ते देणारी व्यक्ती समोर बसलेली होती.

दुपारी एकदा वातावरण तापले. मुंबईच्या मंडळींपैकी एकाने मागणी केली की आता मतदान घ्या, हात वर करायला सांगा, आणि विषय येथेच संपवा. अध्यक्षांनी शांतपणे सांगितले की, जनसुनावणीत मतदान घेण्याचा अधिकार त्यांना नाही आणि येथे प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही. मग ओडिशातल्या नियमगिरीचे उदाहरण पुढे आले. तेथे सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा झाल्या, त्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही, मग आम्हाला वेगळा न्याय का, असा त्या गृहस्थांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि उत्तर कटू. नियमगिरीला राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी क्षेत्र आणि २००६ चा वनहक्क कायदा यांचा आधार होता, तो या गावाला नव्हता. १९९७ साली या देशात पर्यावरणविषयक जनसुनावणी सक्तीची झाली तेव्हापासून तिचे स्वरूप ऐकून घेण्याचे आहे, लोकांच्या संमतीवर निर्णय सोपवण्याचे नाही. मला स्वतःला हे अपुरे वाटते आणि मी तसे म्हणायला कचरत नाही. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे त्यांच्या नकाराला काहीएक बंधनकारक वजन असायला हवे. पण त्या दिवशी आमच्या हातात जे होते ते एवढेच होते. लोकांनी तरीही हात वर केले. अध्यक्षांनी मला सांगितले की, मतदान म्हणून नव्हे, पण घडलेली गोष्ट म्हणून हे लिहा. त्याप्रमाणे, उपस्थितांपैकी बहुसंख्यांनी हात वर करून प्रकल्पास विरोध दर्शवला, अशी नोंद झाली.

चार वाजता भाषणे संपली. अध्यक्षांनी जाहीर केले की तासाभराने इतिवृत्त पूर्ण वाचले जाईल, ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे, आणि आपल्या नावावर जे लिहिले आहे ते बरोबर आहे की नाही ते सांगूनच जावे. पुढाऱ्यांच्या गाड्या निघून गेल्या. वाड्यांतली माणसे बहुतेक सगळी थांबली. शाळेच्या वर्गात बसून मंडळाच्या अधिकाऱ्यांनी आणि मी मसुदा जुळवला. आमच्याकडे चालत आलेल्या नमुन्यात समर्थन, विरोध आणि सूचना असे तीन रकाने होते, आणि प्रत्येक वक्त्याचे म्हणणे त्यांतल्या एकात बसवून दोन ओळींत सांगायची रीत होती. आम्ही रकाने ठेवले, पण बोलणे शक्यतो बोलणाऱ्याच्या शब्दांत, नाव आणि वाडी यांसह लिहिले.

वाचायला मी उभी राहिले तेव्हा सव्वापाच वाजले होते.

पहिल्याच पानावर मला थांबावे लागले. डंपरवाल्या तरुणाचे नाव समर्थनाच्या रकान्यात आले होते, कारण त्याने कामाबद्दल विचारले होते आणि काम मागणारा तो समर्थक, असे नमुना गृहीत धरतो. तो उठला आणि म्हणाला की मी पाठिंबा दिलेला नाही, विरोधही केलेला नाही, मी तीन प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या एकाचेही उत्तर मला मिळालेले नाही, तेव्हा ते प्रश्न लिहा आणि उत्तर मिळाले नाही असेही लिहा. अध्यक्षांनी कंपनीच्या प्रतिनिधींकडे पाहिले. प्रतिनिधींनी उभे राहून सांगितले की कायम नोकऱ्या थोड्या असतील, बाकी काम कंत्राटी राहील, खाण संपल्यानंतरच्या रोजगाराचा विचार अजून केलेला नाही. सकाळच्या चित्रांमध्ये यातले काहीच आले नव्हते. उत्तर इतिवृत्तात गेले, आणि तो तरुण आपल्या जागी न बसता पुढे येऊन माझ्या टेबलाशेजारी उभा राहिला, शेवटपर्यंत. त्याच्यानंतर आणखी कितीतरी जणांनी आपापली नोंद तपासून घेतली. बागायतदाराने मोहोराचे महिने घालायला लावले. एकाने स्वतःचेच वाक्य मागे घेतले, कारण रागाच्या भरात आपण अधिकाऱ्यांवर केलेला आरोप कागदावर ऐकताना त्याला तो बरोबर वाटला नाही. अध्यक्षांनी आरोप आणि तो मागे घेतल्याची नोंद, दोन्ही ठेवायला सांगितले.

मग त्या वृद्ध बाईंची नोंद आली. मी कळशीचे वाक्य वाचले आणि खालच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. ते म्हणाले, काकींनी सांगितले ते वडाखालच्या झऱ्याबद्दल खरे आहे, पण सगळ्या झऱ्यांबद्दल तसे लिहू नका, आमच्या देवळामागच्या झऱ्याला वैशाखातही कळशीभर धार असते. मंडपात एकदम गलका झाला. मुंबईकरांपैकी एक जण त्यांच्यावर ओरडला की हे बोलायची काय गरज होती, कंपनी आता हेच दाखवेल की पाणी भरपूर आहे. दुसरा म्हणाला की चित्रीकरण बंद करा. ते बंद करता येत नाही असे अध्यक्षांनी सांगितले आणि त्यानंतर ते काहीही बोलले नाहीत, गप्प बसून राहिले. हे त्यांनी जाणूनबुजून केले असे मला आजही वाटते.

पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात जे झाले त्यासाठी मी हे लिहिते आहे. सकाळपासून लोक व्यासपीठाकडे तोंड करून बोलत होते. आता ते एकमेकांकडे वळले. निवृत्त शिक्षक म्हणाले की खरे आहे ते लिहू द्या, उद्या कोणी येऊन झरा बघितला तर आपली बाकीची सगळी बोलणी खोटी ठरतील. मुंबईकर मंडळींना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की आपण काही शास्त्रज्ञ नाही, आपले काम विरोध करण्याचे, तपशील त्यांनी शोधावा. यात तथ्य नव्हते असे नाही. गावाच्या सचोटीचा उपयोग गावाच्याच विरुद्ध झाल्याची उदाहरणे त्यांनी पाहिली असतील. वाद वाढत असताना मागून एक बाई, जिने दिवसभरात तोंड उघडले नव्हते, उठून म्हणाली की देवळामागच्या झऱ्याला वैशाखात पाणी का असते हे आधी विचारा. मग तिनेच सांगितले: त्या झऱ्याच्या वर सड्याचा सगळ्यांत रुंद भाग आहे, आणि खाणीची पहिली जागा नकाशात तिथेच दाखवलेली आहे.

कोणीतरी नकाशा मागितला. सारांशाला जोडलेला नकाशा टेबलावर पसरला, लोक गोळा झाले, आणि वाडीवाडीने झरे लावण्यास सुरुवात झाली. कोणता झरा शिमग्यापर्यंत टिकतो, कोणता वैशाखापर्यंत, कोणता बारमाही. यात स्त्रियाच बोलत होत्या, कारण पाणी त्या भरतात, आणि पुरुष मधूनमधून दिशा सांगत होते. दोन वाड्यांत एका झऱ्यावरून मतभेद झाला. वरच्यांच्या मते तो होळीला आटतो, खालच्यांच्या मते गुढीपाडव्यानंतरही महिनाभर राहतो. बराच वेळ बोलणे होऊन असे निघाले की वरच्या वाडीने अलीकडे त्या झऱ्यावर पाइप टाकून पाणी घेतले आहे, आणि त्यामुळे दोन्ही वाड्या आपापल्या जागी बरोबर आहेत. ही गोष्ट आजवर त्यांच्यात उघडपणे बोलली गेली नव्हती असे तेथील चेहऱ्यांवरून दिसत होते. तीही नोंद करा, असे दोन्ही बाजूंनी सांगितले. मघाशी ओरडलेले मुंबईकर गृहस्थ शेवटी नकाशावर वाकून झऱ्यांच्या खुणा करत होते. त्यांचे लहानपण तिथेच गेलेले होते आणि काही जागा त्यांनाच नीट आठवत होत्या.

हे सारे झाल्यावर इतिवृत्तातला तो परिच्छेद पूर्ण बदलला. "पाण्याचे स्रोत आटण्याची भीती ग्रामस्थांनी व्यक्त केली" अशा स्वरूपाचे वाक्य अशा कागदांत शेकडो ठिकाणी सापडेल, आणि कोणताही सल्लागार त्याला "योग्य ती उपाययोजना केली जाईल" एवढ्या उत्तरात गुंडाळू शकतो. आता तेथे झऱ्यांची यादी होती, प्रत्येकाचा टिकण्याचा काळ होता, त्याच्यावर अवलंबून असलेली वाडी होती, आणि खाणीच्या प्रस्तावित जागेशी त्याचा संबंध होता. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली असे म्हटले होते की, जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा, प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यावी की नाही याची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने विचार केला हे तिने दिलेल्या कारणांतून दिसले पाहिजे. पण समितीसमोर मंडप नसतो, माणसे नसतात, फक्त कागद असतो. कारण देण्याची वेळ यावी इतका नेमका प्रश्न त्या कागदावर नसेल, तर न्यायालयाच्या त्या अपेक्षेचा गावाला काही उपयोग नाही. तो नेमकेपणा त्या संध्याकाळी एखाद्या तज्ज्ञाने आणला नाही. तो एका माणसाने आपल्याच बाजूला गैरसोयीचे वाटणारे सत्य बोलल्यामुळे, आणि बाकीच्यांनी त्याला गप्प न बसवता त्याचा अर्थ लावल्यामुळे आला.

सुनावणीत भाग घेणे म्हणजे बोलायची संधी मिळणे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि अधिसूचनाही प्रत्येक उपस्थिताला माहिती मागण्याची आणि स्पष्टीकरण विचारण्याची संधी देते. पण बोलणे एकदा होऊन जाते, आणि त्याचे काय झाले हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. आपले बोलणे दुसऱ्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकले की माणूस ते तपासतो, त्यातले जास्तीचे काढतो, राहिलेले घालतो, शेजाऱ्याचे ऐकून त्यात बदल करतो. विचारविनिमय हा शब्द आपण सभांच्या वृत्तांतात फार सढळपणे वापरतो. त्या दिवशीच्या सहा तासांच्या भाषणांत तो झाला नव्हता, तो वाचनाच्या वेळी झाला, आणि वाचन झाले नसते तर कधीच झाला नसता. म्हणूनच जे अधिकारी ही तरतूद औपचारिक समजून सोडून देतात ते लोकांकडून फार मोठी गोष्ट काढून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचन संपले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. अध्यक्षांनी विचारले की हे मान्य आहे का, आणि लोकांनी मान्य असल्याचे सांगितले. त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. नकाशाची प्रत, तिच्यावरच्या खुणांसह, जोडपत्र म्हणून लावली. उपस्थितीची नोंदवही, लेखी निवेदने आणि चित्रीकरण यांसह सगळे कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले, कारण आठ दिवसांत ते पुढे पाठवायचे असतात. दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, आणि तलाठ्यांनी सांगितले की ती वाचायला लोक येत होते.

काही महिन्यांनी प्रकरण राज्यस्तरावरच्या समितीपुढे गेले, आणि समितीने कंपनीला पूरक अभ्यास करायला सांगितल्याचे पत्र आमच्या कार्यालयात आले. त्यात एप्रिल आणि मे महिन्यांत, इतिवृत्ताला जोडलेल्या नकाशातील प्रत्येक झऱ्याचा प्रवाह मोजावा आणि मोजणीच्या वेळी त्या त्या वाडीतील रहिवासी उपस्थित असावेत, असे म्हटले होते. मोजणीच्या पहिल्या दिवशी मी हजर होते. सर्वेक्षकांनी सोबत अंश आखलेले भांडे आणि घड्याळ आणले होते. वरच्या वाडीतल्या त्या आजी आपली कळशी घेऊन आल्या होत्या, आणि दोन्ही मापे घ्या असा त्यांचा आग्रह होता. सर्वेक्षकाने आधी कळशीचे माप लिटरमध्ये काढून घेतले आणि मग दोन्ही नोंदी घेतल्या. त्यानंतर माझी बदली झाली. खाणीचा निर्णय माझ्या डोळ्यांदेखत झाला नाही, त्यामुळे त्याविषयी मी काही लिहीत नाही. पुढच्या नेमणुकांमध्ये मात्र सुनावणीचे काम आले की मी दोन गोष्टी लेखी मागून घेत आले आहे: इतिवृत्त वाचण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेवर वेगळा, ठरलेला वेळ, आणि तोवर मंडप व दिवे ठेवण्याचा खर्च.